जुनं शिलाई मशीन पुन्हा चालू करताना: बिघाड कुठे असतो आणि कुठे नसतो

सेकंडहॅण्ड शिलाई मशीन घरात आलं की हात शिवशिवतात. दोरा ओवावा, कापडाचा तुकडा सरकवावा आणि टीप मारून बघावी असं वाटतं. पण जरा थांबा. कित्येक वर्षं कोपऱ्यात पडून राहिलेलं मशीन बहुतेक वेळा मोडलेलं नसतं. ते जाम झालेलं असतं, नाहीतर त्यात भलतीच सुई असते, नाहीतर दोरा चुकीचा ओवलेला असतो. या तिन्ही गोष्टी दोन-चार स्क्रू सोडून, कधी कधी तर पेचकसही न उचलता निस्तरता येतात. खरी मोडतोड त्यानंतर होते. टीप नीट पडत नाही म्हणून माणूस दिसेल तो स्क्रू पिळत सुटतो आणि साध्या मळाचं दुखणं अवघड होऊन बसतं.

म्हणून आधी टाका पडतो कसा, ते बघू. ते एकदा कळलं की कुठलं लक्षण कुठे बोट दाखवतं हे आपोआप उमगत जातं.

हाताने शिवताना नेढं सुईच्या मागच्या टोकाला असतं आणि अख्खा दोरा कापडातून आरपार जातो. मशीनच्या सुईला नेढं अणकुचीदार टोकाजवळ असतं आणि सुई कापडातून पूर्ण बाहेर कधी पडतच नाही. एलायस हाउ याने १८४६ साली अमेरिकेत ज्या यंत्राचं पेटंट घेतलं त्यात हीच जोडी होती: टोकाशी नेढं असलेली सुई आणि दुसरा दोरा घेऊन ये-जा करणारं शटल. त्याची सुई मात्र वाकडी होती आणि आडवी चालायची. उभी, सरळ सुई आणि वरून कापड दाबणारा फूट अशा मांडणीच्या मशीनचं पेटंट आयझॅक सिंगरने १८५१ साली घेतलं. कापड पुढे सरकवणारे दाते वर येतात, मागे जातात, खाली बुडतात आणि पुन्हा पुढे येतात. ही चार हालचालींची युक्ती अॅलन विल्सनची, १८५४ सालची. तुमच्यासमोरच्या काळ्या लोखंडी मशीनमध्ये आजही हेच सगळं चाललेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा क्षण. सुई खाली जाते, तळाला पोचते आणि वर यायला लागते. सुईच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. त्या बाजूचा दोरा खाचेत लपलेला असतो, म्हणून तो कापडाला न घासता सुईबरोबर वर जातो. दुसऱ्या अंगाला अशी लांब खाच नसते. तिथला दोरा कापडात अडकून राहतो आणि सुई वर सरकली की नेढ्याजवळ फुगतो. या फुगलेल्या इवल्याशा फाशात शटलचं टोक शिरतं, फासा ताणत बॉबिन केसच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ (बॉबिन) धरणाऱ्या डबीच्या भोवतून फिरवतं, आणि मग मशीनच्या तोंडाशी वर-खाली होणारी दांडी तो फासा वर खेचून घेते. वरचा दोरा खालच्या दोऱ्याला विळखा घालून कापडाच्या पोटात बसतो. झाला एक टाका. सुई तळापासून साधारण दोन-अडीच मिलिमीटर वर आलेली असताना ही गाठभेट होते. थोडं लवकर किंवा थोडं उशिरा झालं, तर शटलच्या टोकाला फासा सापडतच नाही.

मशीनच्या तक्रारी बहुतेक इथूनच निघतात. फासा तयार झाला नाही, शटल वेळेवर पोचलं नाही, किंवा पकडलेला फासा परत वर खेचला गेला नाही. यातलं पहिलं आणि तिसरं रोज घडतं. दुसरं, म्हणजे ज्याला टायमिंग बिघडणं म्हणतात ते, लोक समजतात त्यापेक्षा फार कमी वेळा घडतं.

चाक फिरतंय का?

दोरा काढून टाका, सुई काढून टाका, फूट वर उचला आणि उजवीकडचं मोठं चाक हाताने फिरवा. बहुतेक घरगुती मशीनचं चाक आपल्या दिशेने फिरतं. हलकं फिरलं तर उत्तम. जड फिरलं तरी काळजी नको. अजिबात हललं नाही तर आधी खाली, शटलमध्ये बघा. मागच्या मालकाने जिथे काम थांबवलं तिथे दोऱ्याचा तुकडा शटल आणि त्याच्या कड्याच्या मध्ये पाचरीसारखा बसलेला असतो आणि तेवढ्याने अख्खं मशीन अडतं.

शटल काढायचं तर सुईदांडी पूर्ण वर घ्या. बॉबिन केस त्याच्या खिट्टीला धरून बाहेर काढा. जुन्या साध्या मशीनमध्ये शटलच्या कड्याला दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या बाहेरच्या बाजूला वळवल्या की कडं सुटतं आणि मधल्या खुंटीला धरून शटल हातात येतं. काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घेऊन ठेवा, कारण शटल चंद्रकोरीच्या आकाराचं असतं आणि परत बसवताना ती कोर कुठल्या बाजूला होती हे हमखास विसरतं. आतली गोल वाट ब्रशने झाडून कापडाने पुसा.

मग सुईखालची प्लेट काढा. इथे जे सापडतं ते पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. दात्यांच्या दोन ओळींच्या मधल्या फटीत कापडाचा भुगा वर्षानुवर्षं ठोकला जाऊन त्याचा नमद्यासारखा घट्ट, तेलकट तुकडा बनलेला असतो. ब्रशने तो हलतही नाही. टाचणीने किंवा दात कोरायच्या काडीने कड उचकटली की अख्खा चौकोनी तुकडा एकदम निघतो. हा तुकडा असेपर्यंत दाते पुरते वर येत नाहीत. कापड पुढे सरकत नाही, एकाच जागी टाक्यांवर टाके पडतात, आणि लोक समजतात की दाते झिजले.

एवढं करूनही चाक घट्टच असेल तर दोष जुन्या तेलाचा. मशीनचं तेल वर्षानुवर्षं हवेत राहिलं की घट्ट होत जातं आणि शेवटी त्याचा तपकिरी, वार्निशसारखा थर बनतो. स्वयंपाकाचं तेल कुणी घातलं असेल तर हे फारच लवकर होतं, म्हणून ते कधीही घालू नये. उपाय एकच: ताजं शिलाई मशीनचं पातळ, पांढरं तेल सांध्या-सांध्यात सोडा आणि वाट बघा. रात्रभर ठेवा. सकाळी चाक पुढे-मागे हलवा. जितकं हलेल तितकंच, जोर न लावता. पुन्हा तेल, पुन्हा वाट. केस वाळवायच्या ड्रायरने लोखंड थोडं गरम केलं की थर मऊ पडतो आणि तेल आत शिरतं. ड्रायर प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र धरू नका. पकडीने चाक पिळणं, हातोडीने ठोकणं हे प्रकार नकोतच. बिडाचं लोखंड वाकत नाही, थेट तडकतं.

गंज सोडवायला म्हणून मिळणारे फवारे थर मोकळा करायला चालतात, पण ते वंगण नव्हेत. त्यातला पातळ भाग उडून गेला की सांधा पुन्हा कोरडा पडतो. फवारा मारलाच तर मागाहून पुसून मशीनचं तेल घालायलाच हवं.

तेल घालायच्या जागा पाठ करायची गरज नाही. लोखंड जिथे लोखंडावर घासतं तिथे एक थेंब. वरच्या अंगावरची छिद्रं त्यासाठीच ठेवलेली असतात. डावीकडची तोंडाची प्लेट काढली की सुईदांडीचे सांधे दिसतात. मशीन मागे कलतं केलं की खालचे दिसतात. चाक हळूहळू फिरवत बघा, जे हलतंय ते कशावर हलतंय? तिथे थेंब. पट्टा, बॉबिन भरायच्या चकतीचं रबर, मोटर आणि दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या यांना मात्र तेल लागू द्यायचं नाही.

बाहेरून चमकवायच्या नादात एक घात होतो तोही सांगून ठेवतो. जुन्या काळ्या मशीनवरची सोनेरी नक्षी लाखेच्या पातळ थराखाली असते. स्पिरिट किंवा अल्कोहोलने तो थर विरघळतो आणि नक्षी फडक्यावर येते. मशीनचंच तेल मऊ कापडावर घेऊन पुसा. मळ निघतो आणि नक्षी राहते.

चाकाच्या मधोमध असलेला मोठा गोल स्क्रू बॉबिन भरताना सुई थांबवण्यासाठी असतो. तो सैल असेल तर चाक फिरतं पण सुई हलत नाही. उलट, साफसफाईसाठी तो काढून परत लावल्यावर चाक नीट आवळलंच जात नसेल, तर आतला तीन कानांचा वॉशर उलटा बसलाय. तो अर्धा फेरा फिरवून बसवा. एवढ्याशा गोष्टीसाठी मशीन दुरुस्तीला गेलेली असतात.

मशीन विजेवर चालणारं असेल तर हे सगळं प्लग न लावता करायचं. जुन्या वायरींवरचं रबर वाळून तडकलेलं असतं. वायर वाकवून बघितली की भेगा दिसतात. अशी वायर बदलल्याशिवाय वीज द्यायची नाही. मोटरवरच्या पाटीवर किती व्होल्टची आहे ते वाचा. ११० व्होल्टची मोटर २३० व्होल्टवर लावली की ती जळायला वेळ लागत नाही. पहिल्यांदा चालवताना जळका वास आला, धूर दिसला किंवा पायाखालचं पॅडल सोडूनही मोटर फिरत राहिली, तर प्लग काढा आणि ते काम जाणकाराकडे द्या. पायाने चालवायच्या मशीनला ही कटकट नाही. तिथे फक्त पट्टा बघायचा. सैल पट्टा घसरतो, आणि फार आवळलेला पट्टा मशीन विनाकारण जड करतो.

सुई

मला विचाराल तर जुन्या मशीनच्या निम्म्या तक्रारी इथे संपतात, आणि सगळ्यात स्वस्त उपायही हाच. मशीनमध्ये जी सुई होती ती फेकून द्या. चांगली दिसत असली तरी. काचेवर ठेवून खालून उजेड बघितलात तर तिचा बाक कळेल, पण बोथट झालेलं टोक डोळ्यांना दिसत नाही.

नवी सुई घेताना दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या असतात, आणि लोक त्यात गल्लत करतात. एक जाडी. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं. त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर, आणि १४ हा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीतला क्रमांक. मध्यम सुती कापडाला हीच चालते. तलम कापडाला ७५/११, जाड कापडाला १००/१६. दुसरी गोष्ट सुईची जात, म्हणजे तिची लांबी आणि वरच्या बुडख्याचा आकार. बहुतेक घरगुती मशीनला एका बाजूने सपाट बुडख्याची सुई लागते. पाकिटावर १३०/७०५ एच, एचए×१ किंवा १५×१ लिहिलेलं असतं, तिन्ही एकच. कारखान्यातल्या मशीनची डीबी×१ सुई गोल आणि बारीक बुडख्याची असते. ती घरगुती मशीनच्या खोबणीत शिरते, स्क्रूने आवळलीही जाते, पण हवी तिथे बसत नाही, आणि मशीन टाके सोडायला लागतं. फार जुन्या काही मॉडेलांना वेगळीच सुई लागते. सिंगरच्या ‘१२’ मॉडेलची सुई १२×१. तेव्हा मशीन विकत घेतानाच त्याची सुई अजून मिळते का, हे बघून घ्यावं.

सुई लावायची दिशा मशीनप्रमाणे बदलते, पण नियम एकच आहे आणि तो वर सांगितलेल्या फाशातूनच निघतो. फासा सपाट बाजूला फुगतो, म्हणून सपाट बाजू शटलच्या टोकाकडे. दोरा लांब खाचेच्या बाजूने नेढ्यात शिरतो आणि सपाट बाजूने बाहेर पडतो. माहितीपुस्तिका हरवली असेल तर सुईच्या स्क्रूजवळची दोरा अडकवायची शेवटची तार कुठल्या बाजूला आहे ते बघा. बहुधा त्याच बाजूने दोरा ओवायचा असतो. सुई वरपर्यंत टेकवून मगच स्क्रू आवळा. एखादा मिलिमीटर खाली राहिली तरी शटलची वेळ चुकते.

जुन्या मशीनसोबत डब्यात रिळंही मिळतात. दिसायला छान असतात, पण जुना सुती दोरा कुजलेला असतो. हातभर तुकडा घेऊन झटका द्या, तट्कन तुटला तर शिवायला उपयोगाचा नाही.

कागदावर, मग कापडावर

दोरा न ओवता एका साध्या कागदावर टीप मारा. सुईच्या छिद्रांची ओळ उजेडात धरून बघा. छिद्रं सारख्या अंतरावर आणि सरळ रेषेत असतील तर दाते, फूट आणि टाक्याची लांबी ठीक आहे. मध्येच छिद्रं दाटली असतील तर दाते कुठेतरी अडताहेत. पुढे काही बिघडलं तर निदान कापड सरकवण्याच्या भागावर संशय घ्यायला नको.

आता दोरा ओवा, आणि ओवताना फूट वर उचललेला ठेवा. फूट वर असला की टेन्शनच्या दोन चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि दोरा त्यांच्या मधोमध जाऊन बसतो. फूट खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांच्या कडेवरच राहतो आणि त्याला ताणच मिळत नाही. ओवून झाल्यावर, पण सुईत घालायच्या आधी, दोरा ओढून बघा. फूट वर असताना तो सहज यायला हवा, फूट खाली केल्यावर जड. दोन्ही वेळेला सारखाच सहज येत असेल तर एकतर दोरा चकत्यांत गेलेलाच नाही, किंवा चकत्या उघडणारी बारीक पिन जुन्या तेलाने चिकटून पुढेच अडकली आहे. चकत्यांमधला मळ काढायला फूट वर करून त्यातून कापडाची पातळ पट्टी पुढे-मागे ओढा.

खालच्या दोऱ्यासाठी भरलेली बॉबिन केसमध्ये घालून केस नुसत्या दोऱ्याने लोंबकळत धरा. केस आपोआप घसरत खाली आली तर ताण कमी आहे; झटका दिल्यावरही जागची हलली नाही तर जास्त. हलक्या झटक्याला थोडीशी खाली सरकून थांबली की झालं. ताण बदलायचा तर केसच्या पट्टीवरचा बारीक स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, आणि खाली पांढरं कापड अंथरा. तो स्क्रू जमिनीवर पडला की सापडत नाही. त्याआधी पट्टीखाली भुगा अडकलाय का ते मात्र बघा. बऱ्याचदा नुसता भुगा काढला की ताण जागेवर येतो.

वर एका रंगाचा आणि खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घाला आणि दोन पदरी सुती कापडावर टीप मारा. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं फुटाच्या मागे धरून ठेवा, नाहीतर पहिल्याच टाक्याला गुंता होतो. वरच्या बाजूला खालचा रंग ठिपक्यांसारखा दिसला तर वरचा ताण जास्त आहे. खालच्या बाजूला वरचा रंग दिसला तर वरचा ताण कमी.

आणि इथेच सगळ्यात मोठा घोटाळा होतो. कापडाच्या खाली दोऱ्याचा झोल पडतो, घरट्यासारखा गुंता होतो, म्हणून माणूस खालची बॉबिन उलटसुलट करत बसतो. पण खालचा गुंता वरच्या दोऱ्याचा असतो! शटलने फासा खाली नेला, पण वरच्या दोऱ्याला ताणच नसल्यामुळे तो परत खेचून घट्ट करता आला नाही. तो खालीच पडून राहिला. रंग वेगळे असतील तर हे एका नजरेत कळतं. तेव्हा खाली झोल दिसला की वरचा दोरा काढून, फूट उचलून, पुन्हा ओवा.

टीप सुटत असेल, म्हणजे मध्येच एखादा टाका पडत नसेल, तर सुई बदला, तिची दिशा तपासा, ती पूर्ण वर टेकली आहे का बघा. वरचा दोरा सारखा तुटत असेल तर ताण, सुईपेक्षा जाड दोरा, नाहीतर दोऱ्याच्या वाटेत कुठेतरी खरबरीत जागा. सुईखालच्या प्लेटच्या भोकावरून आणि शटलच्या टोकावरून नख फिरवा. सुई आदळून पडलेला बारीक कंगोरा नखाला लागतो. तो अगदी बारीक एमरी कागदाने अलगद गुळगुळीत करता येतो, पण शटलच्या टोकाची लांबी कमी करायची नाही.

हे सगळं करूनही टाका पडतच नसेल, तर मगच टायमिंग. बऱ्याच जुन्या मशीनच्या सुईदांडीवर दोन बारीक रेघा कोरलेल्या असतात. दांडी तळाला असताना वरची रेघ तिच्या नळीच्या खालच्या कडेशी जुळायला हवी. जुळत नसेल तर सुईदांडीच सरकली आहे. जाड कापडात सुई अडकून जोराचा झटका बसला की असं होतं. तोंडाच्या प्लेटमागचा दांडी धरणारा स्क्रू सैल करून ती जागेवर आणता येते. मग चाक फिरवत दांडी वर येऊ द्या. खालची रेघ त्याच कडेशी आली की शटलचं टोक बरोबर सुईच्या मागे, नेढ्याच्या किंचित वर दिसायला हवं. दांडीची उंची बरोबर असूनही टोक पुढे-मागे असेल तर शटल फिरवणारा दांडा सरकलाय. ते काम मेकॅनिककडे द्यावं असं माझं मत आहे.

काही मशीनवर वेळ घालवण्यात अर्थ नसतो. १९६०च्या दशकापासून अनेक कंपन्यांनी लोखंडी गिअरच्या जागी नायलॉनचे गिअर वापरायला सुरुवात केली. हे गिअर म्हातारपणी तडकतात. सुटा भाग मिळाला तर ठीक, नाहीतर ते मशीन शोभेला. लांबट, होडीच्या आकाराच्या शटलची मशीनं चालतात छान, पण त्यांचं शटल आणि लांब बॉबिन हरवलेलं असेल तर आधी ते मिळवा, मग मशीन विकत घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे सरळ टीप मारणारं, पूर्ण लोखंडी मशीन. त्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं.

नव्याने तेल घातलेलं मशीन सुरुवातीचे काही दिवस जुना मळ तेलासकट ओकत राहतं. सुईदांडीवरून काळपट थेंब उतरतो आणि नेमका कापडावर पडतो. म्हणून पहिल्या टिपा चिंध्यांवर मारा, दर वेळी सुईदांडी आणि फूट पुसून घ्या, आणि चिंधीवर डाग उमटायचा थांबला की मगच चांगलं कापड काढा.